पार्किंग नंबर चौदामधलं ऊन

माझ्या बायकोला नऊ मिळाले.

"दहापैकी?" मी डॉक्टरांना विचारलं. चेहऱ्यावर थोडं कौतुकही आणून ठेवलं होतं.

"तीस लागतात," डॉक्टर म्हणाले, "आणि तेही जेमतेम पास व्हायला." मग त्यांनी रिपोर्ट आमच्याकडे फिरवून 'व्हिटॅमिन डी' या ओळीखाली पेनानं रेघ मारली.

"म्हणजे तीस टक्के," बायको म्हणाली. ती घरी बसून ऑनलाइन गणित शिकवते. स्वतःच्या हाडांची बातमी ऐकतानाही आधी टक्केवारी काढते.

"शेवटचं ऊन अंगावर कधी घेतलंत?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. दूरच्या नात्यातलं एखादं लग्न कधी झालं हे आठवावं, तसं दोघं आठवत बसलो.

"मागच्या वर्षी एकदा गाडी बंद पडली होती," ती म्हणाली.

"ढकलायला उतरलो होतो," मी साक्ष दिली.

डॉक्टरांनी चष्मा काढला. चष्मा काढणारे डॉक्टर मला आवडत नाहीत, कारण पुढचं वाक्य गंभीर असतं. "हे बघा, आत्ता हाडं नुसती कुरकुरताहेत. असंच चालू राहिलं तर एक दिवस घरातल्या घरात पाय घसरेल आणि खुब्याचं हाड जाईल. सकाळपासून रात्रीपर्यंत पडदे ओढून स्क्रीनसमोर बसणाऱ्यांची रांग लागलीय माझ्याकडे. आठवड्याला एक गोळी देतो. पण रोज दुपारी वीस मिनिटं उघड्यावरचं ऊन पाहिजे. दोन महिन्यांनी पुन्हा तपासू."

परत येताना ती खिडकीबाहेर बघत पुढच्या आठवड्याच्या परीक्षेबद्दल बोलत होती. मी मात्र 'खुबा' या एकाच शब्दावर अडकलो होतो. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, पण बायकोला खुबा आहे याचा मी कधी स्वतंत्रपणे विचार केला नव्हता. त्या क्षणी मी मनोमन संकल्प सोडला: हिला ऊन मिळवून द्यायचं. देवानं सूर्य फुकट दिलाय, आणि विमा कंपनीत एकोणतीस वर्षं दावे तपासलेल्या माणसाला एवढंसं काम जड जाऊ नये.

इथे थोडं विषयांतर करतो. कीर्तनात बसून बसून माणसाला एक खोड लागते. मूळ पद दीड ओळीचं असलं तरी निरूपण तासभर झाल्याशिवाय त्याचं समाधान होत नाही. हिचं मूळ पद अगदी सोपं होतं. घरी आल्या आल्या ती म्हणाली, "मी रोज दुपारी शिकवणी संपली की बाहेर एक चक्कर मारून येते. झालं."

"एकटी? आणि पडलीस म्हणजे?"

"मी काय दोन वर्षांची आहे?"

"डॉक्टर खुब्याचं काय म्हणाले, ऐकलंस ना? रस्त्यावर खड्डे आहेत. ऊन घरपोच मिळालं पाहिजे. तू चिंता करू नकोस, मी बघतो."

'मी बघतो' हे शब्द ऐकल्यावर आमच्या घरात चिंता सुरू होते, हे मला माहीत आहे. पण त्या दिवशी ती नुसती हसली आणि आत गेली. निरूपण माझ्याकडे आलं.

पहिल्या दिवशी मी घरात ऊन शोधलं. आमची इमारत सात मजल्यांची, आणि तिच्या तिन्ही बाजूंना वीस-वीस मजले उभे आहेत, लहान मुलाला मोठ्यांनी घेरून दटावावं तसे. दुपारी सव्वाबाराला हॉलच्या छतावर एक झळाळता चौकोन दिसला. मी आनंदानं ओरडलो. मग कळलं, की समोरच्या टॉवरच्या काचेवरून उसळून आलेलं ते उसनं ऊन आहे. तरी मी स्टूल टेबलावर ठेवून, त्यावर हिला बसवून, डोकं छताजवळ नेता येईल का याचं माप घेत होतो. ती म्हणाली, "हाड मोडायचंच असेल तर डॉक्टरांनी दोन महिने दिलेत. घाई काय?"

मग गच्ची. गच्चीला कुलूप. कारण विचारलं तर सेक्रेटरी म्हणाले, "सोलर पॅनेल आहेत हो. कुणी उभं राहिलं की सावली पडते." आमचे सेक्रेटरी निवृत्त हेडमास्तर, समोरचा माणूस बाकावर उभा आहे असं समजूनच बोलतात. "ती वीज लिफ्टला जाते. लिफ्ट बंद पडली तर तुम्हीच पहिले तक्रार कराल."

म्हणजे आमच्या इमारतीत उन्हावर पहिला हक्क लिफ्टचा. ती ऊन खाऊन टुणटुणीत होते, आणि आम्ही तिच्यात उभे राहून जिने विसरतो. या व्यवस्थेत काहीतरी उलटं आहे असं मला वाटलं, पण मी सहाव्या मजल्यावर राहतो आणि त्या वेळी खाली उतरायचं होतं, म्हणून बोललो नाही.

ऊन सापडलं ते पार्किंगमध्ये. बारा वाजून दहा मिनिटांनी दोन टॉवरांच्या फटीतून सूर्य आत डोकावतो आणि बरोबर पंचवीस मिनिटं जागा नंबर चौदावर एका खाटेएवढा सोनेरी पट्टा पडतो. खरंखुरं, बिनकाचेचं ऊन! मला तर देवळाचा दरवाजा उघडल्यासारखं झालं. मी हिला खाली आणलं, प्लॅस्टिकची खुर्ची टाकली, बाह्या वर करायला लावल्या आणि मोबाइलवर वीस मिनिटं लावली. चौथ्या मिनिटाला चौदा नंबरवाले आले.

चौदा नंबरवाल्यांना त्यांच्या नावानं कुणी ओळखत नाही, गाडीनं ओळखतात. गाडी दोन दिवस दुरुस्तीला गेली होती, म्हणूनच जागा रिकामी होती.

"वहिनी, उठू नका, बसा," ते म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "अहो, इथे ऊन येतं म्हणून रंग उडू नये यासाठी मी गाडीला दोन कव्हरं घालतो. आणि तुम्ही मुद्दाम बायको आणून ठेवलीत?"

"डॉक्टरांनी सांगितलंय."

"डॉक्टरांनी माझ्या पार्किंगचं सांगितलं? नियम वाचा. नियम सात. पार्किंगच्या जागेत वाहनाखेरीज काहीही ठेवता येणार नाही."

ही चूक त्यांनी करायला नको होती. दावे तपासणाऱ्या माणसाला नियम दाखवणं म्हणजे मांजराला दुधाचा पत्ता देणं. मी रात्रभर नियमावली वाचली. 'वाहन' म्हणजे काय, हे तिच्यात कुठेच लिहिलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी घरून काम करण्यासाठी घेतलेली माझी चाकांची खुर्ची मी लिफ्टनं खाली आणली.

"पाच चाकं आहेत," मी चौदा नंबरवाल्यांना म्हणालो. "तुमच्या गाडीपेक्षा एक जास्त."

"पण ही चालते कुठे?"

"चालते म्हणजे? हे बघा." आणि प्रात्यक्षिक दाखवायला मी तिच्यावर बसलो, पायानं जमिनीला हलकेच रेटा दिला.

आमच्या पार्किंगला फाटकाकडे उतार आहे. ही गोष्ट मी सोळा वर्षं जाणून होतो, पण बसून कधी अनुभवली नव्हती. खुर्चीनं एक गिरकी घेतली, दिशा ठरवली आणि निघाली. मी पाठमोरा. समोरून बायको, चौदा नंबरवाले आणि ती सोनेरी खाट लहान लहान होत गेली. पाय टेकवायला गेलो तर चप्पल निघून मागेच राहिली. फाटकावरच्या वॉचमनला सवय अशी, की आतून काही घरंगळत आलं की फाटक उघडायचं आणि सलाम ठोकायचा. त्यानं दोन्ही केलं. मी सलाम स्वीकारत रस्ता ओलांडला आणि समोरच्या फुलवाल्याच्या बादल्यांमध्ये जाऊन थांबलो.

"कुठली देऊ साहेब?" फुलवाल्यानं विचारलं. माणूस धंद्याला पक्का.

अंगावरून पाणी गळत, केसांत पाकळ्या घेऊन मी खुर्ची ढकलत परत आलो. बायको खांबाला धरून हसत होती. इतकी हसत होती, की हसताना पडेल म्हणून मीच धावत गेलो. चौदा नंबरवाले मात्र गंभीर होते.

"मानलं. वाहन आहे," ते म्हणाले. "विमा उतरवलाय का?"

एकोणतीस वर्षांच्या नोकरीत मला कुणी एवढं बोललं नव्हतं.

त्याच संध्याकाळी मी अर्ज लिहिला. माझे अर्ज चांगले होतात, हे मी नाही, आमच्या कंपनीतले लोक म्हणतात. 'विषय: पार्किंग क्र. १४ मधील सूर्यप्रकाश वैद्यकीय कारणास्तव वापरण्यास परवानगी मिळणेबाबत.' चार पानं, डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत, पट्ट्याचा नकाशा. अर्जात मी 'आरोग्यावर सर्वांचा समान हक्क' असं एक वाक्य घातलं होतं. ते वाक्य नडलं. सेक्रेटरींनी ते वाचलं आणि सर्वसाधारण सभा बोलावली.

सभेत मी हिच्या नऊचा आकडा भरल्या आवाजात सांगितला. वाटलं होतं, लोक हळहळतील. तिसऱ्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई ताडकन उठल्या. "नऊ? माझे आठ आहेत! दिवसभर लोकांच्या तोंडात बघते मी. ऊन कुठून दिसणार?"

"आमच्या मुलाचे सात," मागून कुणीतरी म्हणालं. "रात्रपाळीला कॉम्प्युटरवर असतो. दिवस उजाडलेला त्यानं चार वर्षांत पाहिला नाहीये."

"साडेसहा!" पाचव्या मजल्यावरून आलेल्या आजोबांनी काठी वर केली.

मग चौदा नंबरवाले शांतपणे उठले, खिशातून घडी केलेला कागद काढला आणि लिलावातली शेवटची बोली लावावी तसे म्हणाले, "पाच पूर्णांक आठ."

 कुणीतरी टाळ्या वाजवल्या. मुलांच्या मार्कांत उभी हयात गेलेली ही माणसं आपले मार्क कमी आहेत म्हणून छाती फुगवत होती. मी बायकोकडे पाहिलं. नऊ म्हणजे आता आम्ही चांगलेच हुशार ठरत होतो, आणि ही हुशारी आमच्या मुळावर येणार होती.

ठराव झाला. ज्याचा आकडा कमी त्याचा नंबर आधी. रोज दोघांना बारा-बारा मिनिटं. मधलं एक मिनिट खुर्ची बदलायला. एका फ्लॅटला एकच जागा, आणि तीही ज्याच्या नावावर फ्लॅट आहे त्या सभासदालाच. दर महिन्याला रक्त तपासून नवा दाखला जोडायचा. आकडा पंधराच्या वर गेला की जागा रद्द. हरकतींसाठी चौदा दिवस.

चौदा दिवसांत एकशे सहा हरकती आल्या. त्यांतली एकही सूर्याची नव्हती, पण त्यानं जागा बदलली. वेळापत्रक काच लावून फळ्यावर लागलं त्या दिवशी पट्टा सरकून पंधरा नंबरवर गेला होता, आणि यायचाही दहा मिनिटं उशिरा. सेक्रेटरी घड्याळाकडे आणि सूर्याकडे आळीपाळीनं बघत उभे राहिले. उशिरा येणाऱ्या कुणाला त्यांनी आयुष्यात असं बिनशिक्षेचं सोडलं नव्हतं. दुरुस्तीचा ठराव आला, त्याला पुन्हा सात दिवस.

आमचं काम मात्र दुसरीकडेच अडलं. फ्लॅट माझ्या नावावर. म्हणजे ऊन माझं आणि हाडं हिची. मी विचारलं, "माझ्या जागी ती बसली तर?"

"अधिकारपत्र लागेल," सेक्रेटरी म्हणाले. "सभासदाचा स्वतःचा रक्ताचा दाखला, तिचा दाखला, आणि दोघांच्या सह्या. तीन प्रतींत."

मी कामाला लागलो. खुर्चीत बसून प्रती काढल्या, स्मरणपत्रं लिहिली, स्मरणपत्रांना स्मरणपत्रं लिहिली. घरून काम करण्याचे दिवस त्यात जात, आणि ऑफिसच्या दिवसांतल्या जेवणाच्या सुट्ट्याही. ताईचा, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा, रोज फोन. "अरे, मासे खायला घाल तिला." आम्ही खात नाही म्हटलं तर म्हणायची, "मग माशांना जे खायला घालतात ते घाल."

मला एकाच गोष्टीचा राग यायचा. सहीसाठी दुपारी हाक मारावी, तर ही घरात नसायची. अर्ध्या-पाऊण तासानं यायची, तोंड लालबुंद.

"अगं, कुठे होतीस?"

"इथेच होते. खाली."

"तोंड बघ केवढं लाल झालंय. रक्तदाब वाढलाय तुझा. नवीन काहीतरी सुरू झालं."

"हो का? बघा बाई," म्हणायची आणि पाणी पिऊन आत जायची. मी काळजीनं वहीत 'रक्तदाब?' असं लिहून ठेवायचो.

पाचव्या आठवड्यात मी एकदा सहज पार्किंगमध्ये गेलो, तर पंधरा नंबरवर चौदा नंबरवाले आपल्या हक्काच्या खुर्चीत बसले होते. अंगावर पूर्ण बाह्यांचा सदरा, पायांत मोजे, डोक्यावर भली मोठी काळी छत्री.

"अहो, हे काय?"

"ऊन लागतं."

"लागावं म्हणूनच बसलात ना?"

त्यांनी आजूबाजूला पाहून आवाज खाली आणला. "पंधराच्या वर गेलो तर जागा जाईल हो. महिनाअखेर तपासणी आहे. एवढ्या मुश्किलीनं पाच-आठ टिकवलेत."

"मग बसताच कशाला?"

"नाही बसलो तर वेळ दुसऱ्याला जाईल!"

या उत्तरात कुठे चूक आहे ते मला शोधता आलं नाही. त्यांच्यामागच्या बारा मिनिटांत दातांच्या डॉक्टरीणबाई आल्या, त्या रबरी हातमोजे, मास्क आणि टोपी घालून. देव वरून पाहत असेल तर त्याला काय वाटलं असेल, असं मनात आलं. एवढं मोठं तेज पाठवावं आणि खाली माणसांनी छत्री धरून त्याची पाळी लावावी!

तरी मी हटलो नाही. दोन महिने भरायला एक दिवस राहिला तेव्हा अधिकारपत्र मंजुरीच्या अगदी उंबरठ्यावर होतं, फक्त आमचे दोघांचे ताजे दाखले जोडायचे होते. हिची तपासणी होणारच होती. त्याच सुईच्या रांगेत मीही हात पुढे केला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांसमोर बसून मी मनात हिशेब करत होतो. वीस मिनिटांचं ऊन मी हिला देऊ शकलो होतो तो एकच दिवस, तोही चार मिनिटं. आकडा खाली गेला असेल तर? सात? सहा? ती मात्र पायांवर पाय टाकून भिंतीवरच्या सांगाड्याची हाडं मोजत होती.

डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला, मग पुन्हा पाहिला. चष्मा काढला नाही. "बत्तीस," ते म्हणाले.

माझ्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं. मी हात जोडले. कुणाला, ते कळलं नाही, पण जोडले. "गोळ्यांचा गुण," मी म्हणालो.

"गोळ्यांनी एवढं काम एकट्यानं केलं नसतं. काय केलंत, बाई?"

"रोज दुपारी पाऊण तास चालून आले," ती म्हणाली. "दुसऱ्या दिवसापासूनच. हे घरात ठराव वाचून दाखवायचे. बाहेर ऊन होतं, पण शांतता होती."

 'इथेच होते, खाली.' खाली होतीच ती, फक्त पुढचे तीन किलोमीटर सांगायचे राहिले होते. मी म्हणालो, "आणि पडली असतीस म्हणजे?"

"दोनदा ठेच लागली. दोन्ही वेळा तुम्हाला फोन केला होता. तुमचा फोन लागत नव्हता. सेक्रेटरींशी बोलत होतात."

यावर रागवावं की नाही, हे ठरवेपर्यंत डॉक्टरांनी दुसरा कागद उचलला. "आता तुमचा," ते म्हणाले आणि या वेळी चष्मा काढला.

"किती?"

"चार पूर्णांक दोन."

"अहो, माझा आकडा चुकला असेल. मला काही होत नाही."

"दोन महिने काय करत होतात?"

काय सांगणार? ऊन मिळावं म्हणून पडदे ओढून अर्ज लिहीत होतो, हे माणूस दुसऱ्या माणसाला कोणत्या तोंडानं सांगणार?

"हे कामात होते," ती म्हणाली. सत्तावीस वर्षांत तिनं माझी इतकी अब्रू कधी राखली नव्हती.

घरी पोचतो न पोचतो तोच बेल वाजली. दारात सेक्रेटरी. बातमी त्यांच्याकडे कशी पोचली, देव जाणे. बहुतेक रक्त काढणाऱ्याकडूनच. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला. "अभिनंदन! चार-दोन! इमारतीत पहिले आलात. उद्यापासून बारा वीसची वेळ तुमची. चौदा नंबरवाल्यांनी फेरतपासणी मागितलीय, पण मी बसू देणार नाही त्यांना."

खरं सांगतो, पळभर मला बरं वाटलं. शाळेपासून कधी पहिला आलो नव्हतो. मी विचारणार होतो, की फळ्यावर नाव कधी लागेल. पण ही पायांत बूट घालून दारात उभी होती. सेक्रेटरींना म्हणाली, "त्यांची वेळ देऊन टाका कुणालाही." मग मला म्हणाली, "चला."

"आत्ता? जेवण?"

"बारा वाजलेत. ऊन आहे. बूट घाला."

"अगं, पण अधिकारपत्र..."

"अहो, बूट."

पहिल्या वळणापर्यंत मला धाप लागली. ऊन डोळ्यांत इतकं आलं, की मी भर रस्त्यात थांबलो. दुसऱ्या वळणावर सात-आठ बायका कंबरेवर हात ठेवून आमची वाट पाहत उभ्या होत्या. डोळे चोळून पाहिलं तर सगळ्या आमच्याच इमारतीतल्या. चौदा नंबरवाल्यांची बायको होती. सेक्रेटरींच्या पत्नी होत्या. त्यांच्या चेहऱ्यांवर हिच्यासारखाच रक्तदाब होता.

"अखेर आणलंत का ह्यांना?" चौदा नंबरवालीणबाईंनी विचारलं.

"नवी भरती," ही म्हणाली. "चार पूर्णांक दोन."

"अगं बाई! आमचे हे ऐकतील तर छत्री फेकून देतील!" त्या म्हणाल्या आणि सगळ्या जणी इतक्या मोठ्यानं हसल्या, की समोरून येणारा सायकलवाला घाबरून उतरला.

मी दम आवरला, सदऱ्याच्या बाह्या वर केल्या आणि जरा पुढे होऊन विचारलं, "या फिरण्याचं सभासदत्व कुणाकडे नोंदवायचं?"

उत्तर द्यायला कुणी थांबलंच नव्हतं. त्या सगळ्या पुढच्या चौकाला पोचल्या होत्या, आणि मी त्यांच्या मागे पळत होतो.